गोळ्या विकत घेताना दर वेळी सरकारची परवानगी? (कॅलिफोर्निया, काडतुसं आणि कोर्ट)

फोल्समवाला
२६ जुलै २०२५, सकाळ

परवा, २४ तारखेला, नवव्या सर्किटच्या (म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांच्या) केंद्रीय अपील कोर्टाने कॅलिफोर्नियाचा काडतूस-तपासणीचा कायदा दोन विरुद्ध एक असा घटनाबाह्य ठरवला. इथल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटात यावर जे काही रामायण झालं ते बघून इथे धागा काढतोय. तिथे दोनच मतं आहेत, 'अमेरिका वेडी आहे' आणि 'डेमोक्रॅट वेडे आहेत'. मला त्यापलीकडचं बोलायचं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रॉपोझिशन ६३ (लोकांनी थेट मत देऊन करायचा कायदा) मतदानाला आलं. गॅव्हिन न्यूसम तेव्हा लेफ्टनंट गव्हर्नर होते आणि त्यांनीच ते पुढे रेटलं होतं. पास झालं. जानेवारी २०१८ पासून काडतुसं फक्त परवानाधारक दुकानातून, समोरासमोर. ऑनलाइन मागवलीत तरी पार्सल दुकानात येणार, दुकानदार वर त्याचा हाताळणीचा खर्च लावणार. शेजारच्या नेवाडातून किंवा ॲरिझोनातून स्वतः आणायची नाहीत. आणि १ जुलै २०१९ पासून प्रत्येक खरेदीला पार्श्वभूमी तपासणी. एकदा नाही, प्रत्येक वेळी. पंचवीस काडतुसांचा एक डबा घेतला तरी.

मी ट्रॅप शूटिंग करतो. मातीच्या चकत्या हवेत उडतात, त्या फोडायच्या, दुसरं काही नाही. शिकार करत नाही, घरी 'स्वसंरक्षणासाठी' वगैरे काही ठेवत नाही. शॉटगन रीतसर घेतली, परीक्षा देऊन, दहा दिवस थांबून. नंतर रँचो कॉर्डोव्हातलं अपार्टमेंट सोडून फोल्समला घर घेतलं. ड्रायव्हिंग लायसन्सवर नवा पत्ता आला. शनिवारी दुकानात गेलो, काउंटरवरच्या पोराने लायसन्स सरकवलं, स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. नकार. का? त्यालाही दिसत नाही. तो एक लांबलचक क्रमांक छापून देतो, तो घेऊन घरी जायचं, राज्याच्या वेबसाइटवर टाकायचा, तेव्हा कळतं की बंदुकीच्या नोंदीत जुना पत्ता आहे. मागे रांगेत चार माणसं. ती ज्या नजरेने बघतात ना! तपासणीची फी परत मिळत नाही हे वेगळं. तेव्हा एक डॉलर होती, या १ जुलैपासून पाच झाली.

माझा मुद्दा असा, की हा कायदा ज्याला अडवायला काढला तो माणूस रांगेत उभाच राहत नाही. रांगेत उभा राहतो तो पत्ता बदललेला माणूस. माझा या कायद्याला विरोध आहे आणि तो बंदूकवाल्यांच्या लॉबीचा माणूस म्हणून नाही. बोला.

निमूट
प्रॉपोझिशन ६३, मतं पडली ६३ टक्के. ज्योतिषावर विश्वास बसायला लागलाय.

मी_पामर
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. (मायक्रोवेव्हला पार्श्वभूमी तपासणी नाही अजून.)

ओकलंडची_ताई
फोल्समवाला, तुमचा त्रास खरा आहे, पण मी दुसऱ्या टोकाला काम करते. इमर्जन्सीत नर्स आहे. गोळी लागलेला माणूस आत येतो तेव्हा त्याचा पत्ता जुळतो का हे कुणी बघत नाही.

तुम्ही म्हणता, 'ज्याला अडवायचं तो रांगेत येतच नाही'. हे कशावरून? कायद्याने बंदूक ठेवायला मनाई झालेला प्रत्येक माणूस टोळीतला नसतो. बायकोला मारहाण केली म्हणून कोर्टाचा मनाई हुकूम निघालेला नवरा घ्या. त्याने बंदूक पाच वर्षांपूर्वी रीतसर घेतलेली असते. तेव्हा त्याच्या नावावर काहीच नव्हतं. हुकूम निघाल्यावर त्याने ती जमा करायला हवी, तो करत नाही. आता राज्याची आणि त्याची परत गाठ कुठे पडणार? काडतुसाच्या काउंटरवर. तिथेच. कॅलिफोर्नियात अशा लोकांची वेगळी यादी ठेवतात, आधी रीतसर बंदूक घेतली आणि नंतर मनाई झाली असे लोक. त्यात हजारो नावं आहेत. हा माणूस दुकानात जातो, कारण त्याला स्वतःला तो गुन्हेगार वाटतच नाही.

आणि अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. त्यावर कुणी गटात बोलत नाही, तिथे सगळे चोर-दरोडेखोरांवर बोलतात.

सॅन_होजेकर
ताई, मुद्दा पटला, पण आकडे काय म्हणतात? जिल्हा न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी जानेवारी २०२४ च्या निकालात राज्याचेच आकडे दिले आहेत. २०२३ च्या पहिल्या सहामाहीत साधारण ५ लाख ३८ हजार तपासण्या. त्यातल्या ५८ हजारांना नकार. म्हणजे जवळजवळ ११ टक्के. आणि त्या नकारांत खरोखर मनाई असलेले लोक मूठभर. बाकी सगळे नोंद न सापडलेले, पत्ता न जुळलेले, नावात फरक असलेले.

नऊ जणांत एकाला तुम्ही काउंटरवरून परत पाठवता, आणि त्यातले बहुतेक जण निर्दोष. याला चाळणी म्हणत नाहीत.

ओकलंडची_ताई
'मूठभर' म्हणजे शून्य नाही हो. त्यातल्या एकाच्या बायकोला विचारा. आणि पत्ता जुळत नसेल तर पत्ता जुळवा ना, कायदा कशाला पाडायचा?

फोल्समवाला
सॅन_होजेकर, आणखी एक. कॅलिफोर्नियात रायफल आणि शॉटगनच्या नोंदी राज्याकडे राहायला लागल्या त्या २०१४ पासून. त्याआधी घेतलेली लांब नळीची बंदूक असेल तर राज्याच्या लेखी ती नाहीच. आमच्या क्लबात एक आजोबा आहेत, व्हिएतनामच्या काळातले. त्यांची शॉटगन माझ्याहून वयाने मोठी. त्यांना स्वस्तातली तपासणी लागूच होत नाही, १९ डॉलरवाली मोठी तपासणी करावी लागते आणि तिचं उत्तर यायला दिवस जातात. ती मंजुरीही एकाच खरेदीपुरती. परत पाहिजे तर परत १९.

कुलकर्णी_म्हणे
नावातला फरक म्हणालात म्हणून. हा आपल्या लोकांचा खास रोग. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, लायसन्सवर फक्त आद्याक्षर, ग्रीन कार्डवर दोन्ही नावं एकत्र चिकटवलेली, बँकेत आडनाव आधी. माझ्या बायकोचं तर लग्नाआधीचं आणि नंतरचं मिळून चार कागदांवर चार बायका आहेत. आम्ही काडतुसं घेत नाही, पण घ्यायला गेलो तर त्या यंत्राला घाम फुटेल.

निमूट
@कुलकर्णी_म्हणे चार बायका असल्याची जाहीर कबुली दिल्याबद्दल अभिनंदन. वकिलांनी नोंद घ्यावी.

वकीलबाई
घेतली. :)

आता जरा कायद्याचं, कारण वर 'कायदा पडला' असं सगळे गृहीत धरून चाललेत. नाही पडलेला.

खटल्यात पहिलं नाव किम ऱ्होड यांचं आहे. सलग सहा ऑलिंपिकमध्ये, १९९६ ते २०१६, प्रत्येक वेळी वैयक्तिक पदक मिळवलेली नेमबाज. डबल ट्रॅप आणि स्कीट. म्हणजे फोल्समवाल्यांच्याच पंथातली. अशी व्यक्ती वादी म्हणून निवडण्यात वकिलांची हुशारी आहे. सरावाला शेकड्यांनी काडतुसं लागणाऱ्या बाईला कोर्टात 'संशयित' म्हणणं अवघड जातं.

बेनिटेझ साहेबांनी एप्रिल २०२० मध्ये पहिल्यांदा या कायद्याच्या अंमलबजावणीला मनाई केली, वरच्या कोर्टाने लगेच ती स्थगित केली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा ब्रुएन निकाल आला. त्याने कसोटीच बदलली. आता कायदा फायद्याचा आहे का हे बघायचं नाही. दुसऱ्या घटनादुरुस्तीच्या (शस्त्र बाळगण्याच्या हक्काच्या) शब्दांत ही गोष्ट बसते का, आणि बसत असेल तर इतिहासात अशा निर्बंधाची परंपरा होती का, हे राज्याने दाखवायचं. प्रकरण परत खाली आलं, जानेवारी २०२४ अखेरीस कायमची मनाई, आणि काही दिवसांत पुन्हा स्थगिती. आता परवाचा निकाल. बहुमताचा न्या. सँड्रा इकुटा यांनी लिहिला, विरोधी मत न्या. जे बायबी यांचं. बायबींचं म्हणणं साधं आहे. बहुसंख्य लोकांना एक डॉलर आणि मिनिटभरही नाही एवढा उशीर, याला हक्कावर घाला म्हणायचं का?

पण निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी अंमलात आला असं होत नाही. राज्याला मोठ्या खंडपीठाकडे फेरसुनावणी मागता येते. अपील कोर्टाचा अंतिम आदेश खाली जाईपर्यंत जुनाच कायदा चालू. दुकानं तपासणी करतच राहणार.

रीनो_रिटर्न
२०२४ मध्ये ते जे मधले काही दिवस होते ना, तेव्हा आमच्या ऑफिसातल्या गोऱ्या मंडळींनी ऑनलाइन दुकानं रिकामी केली होती. घरपोच! दिवाळीत बॉम्बची पेटी आणतात तसे खोके दारात. मग वरून स्थगिती आली आणि जे ट्रकमध्ये होते त्यांचं काय, यावर लंच टेबलावर आठवडाभर परिसंवाद.

मी_पामर
मागच्या वर्षी बातमी वाचली होती, अलाबामा, ओक्लाहोमा, टेक्सासात किराणा दुकानात काडतुसांची यंत्रं बसवली आहेत. ओळखपत्र दाखवा, चेहरा दाखवा, डबा खाली पडतो. दूध, अंडी, पाव आणि बारा बोअर. आणि तुम्ही कॅलिफोर्नियात रांगेत उभे. देश एक, संविधान एक!

घारू
विषयाच्या थोडं बाहेरचं, पण त्याच दिवशीचं. १ जुलै २०१९ ला काडतुसांची तपासणी सुरू झाली आणि त्याच दिवशी कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आली. तीही निर्बंधच. तिच्याविरुद्धही ओरड झाली. पण त्यामागे काँडोर हे इथलं प्रचंड गिधाड आहे. शिकाऱ्याने मारलेल्या जनावराची आतडी रानात टाकून दिली जातात, त्यात शिशाचे कण असतात, काँडोर ते खातो आणि विषबाधेने मरतो. १९८० च्या दशकात रानातला शेवटचा काँडोरसुद्धा पकडून पिंजऱ्यात वाढवावा लागला होता, इतकी वेळ आली होती. आपल्याकडे गिधाडांचं डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने जे झालं आणि २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद करावं लागलं, त्याचाच हा भाऊ.

आणि करांची ओरड करणाऱ्यांना. काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर लागतो आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे तो पैसा वन्यजीव संवर्धनाला जातो. अमेरिकेतली कित्येक दलदलीची राखीव रानं त्यावर उभी आहेत. शिकारी तो कर मिशीला पीळ देऊन भरतात.

सॅन_होजेकर
@घारू तो ११ टक्के ठीक. पण कॅलिफोर्नियाने जुलै २०२४ पासून आपले वेगळे ११ टक्के वर चढवलेत. मग विक्रीकर वेगळा. मग तपासणीची फी. मग ऑनलाइन घेतलं तर दुकानदाराचं कमिशन. परवडेनासं करणं हाही निर्बंधच. डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन नावाचे सिनेटर होते, त्यांनी १९९३ मध्ये काही जातीच्या पिस्तुली गोळ्यांवर १०,००० टक्के कर सुचवला होता. त्यांचं म्हणणं, बंदुका देशात दोनशे वर्षं पुरतील एवढ्या आहेत, गोळ्या तेवढ्या नाहीत, तेव्हा गोळ्या धरा. निदान तो माणूस मनातलं उघड बोलत होता.

इतिहासवेडा
मॉयनिहन म्हणजे १९७३ ते ७५ दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते तेच.

विषय निघालाच आहे तर आपलंही सांगतो. १८७८ साली लॉर्ड लिटनने शस्त्र कायदा आणला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार नाही, युरोपियनांना सूट. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंतांचं बंड, त्यामुळे साहेबाला आपण बरोबर केलं असंच वाटलं असणार. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत शस्त्र बाळगण्याचा हक्क होता, नियमांच्या अधीन राहून. संविधान सभेत ह. वि. कामथांनी तो आणायचा प्रयत्न केला, नाकारला गेला. मग १९५९ चा शस्त्र कायदा, जो आजही आहे. तेव्हा 'हे अमेरिकनांचं खूळ, आपला काय संबंध' असं म्हणू नये.

वकीलबाई, एक विचारतो. इतिहासातली परंपरा दाखवायची तर राज्याने कुठले जुने कायदे दाखवले?

वकीलबाई
@इतिहासवेडा तीच तर अडचण झाली. क्रांतियुद्धाच्या काळात निष्ठेची शपथ न घेणाऱ्यांची हत्यारं काढून घेत, ते दाखवलं. जुन्या कायद्यांच्या यादीत तर गुलामांना आणि मूळ रहिवाशांना दारूगोळा विकू नये असले कायदेही होते, त्यावर बेनिटेझ साहेबांनी राज्याला चांगलंच फटकारलं. स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याला आपल्या बाजूने वर्णद्वेषी कायदे मांडावे लागावेत, ही या कसोटीची गंमत आहे. माझं वैयक्तिक मत विचाराल तर कसोटीच विचित्र आहे. अठराव्या शतकात संगणक नव्हता म्हणून संगणकावर तपासणी घटनाबाह्य, असा अर्थ कुणी काढला तर त्याला काय उत्तर देणार?

भाई_मालवणी
रे बाबानू, तुमचो पाच डॉलरचो त्रास वाचून माका रडू येऊक लागला.

हय कुडाळाकडे ये. आमच्याकडे शेती संरक्षणाचो परवानो. आज्याच्या वेळची एकनळी. रानडुकरां एका रातीत भाताची वाट लावतत, वांदर नारळ पाडतत, गवो इलो तर कुंपणच घेऊन जाता. आता काडतुसा हवीत तर परवान्याच्या पुस्तकात लिवलेला असता एका वेळेक किती आणि वर्साक किती. दुकानदार पुस्तकात चढवता. दुकान खय? लांब. यष्टी करून जावचा, बंद असला की परत येवचा. असला तर माल नाय.

निवडणूक इली की बंदूक ठाण्यात जमा. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा. डुकरांक आचारसंहिता कोण सांगतलो?

निमूट
भाईंचा शेवटचा प्रश्न निवडणूक आयोगाकडे पाठवण्यात यावा.

भाई_मालवणी
आणि म्हातारो गेलो की परवानो पोराच्या नावार करूक चपला झिजतत. तवसर बंदूक ठाण्यात गंजता. माज्या चुलत्याची अजून थयच आसा. पण एक सांगतंय हां. कोणी म्हटला परवानोच काढून टाका, तर मी नको म्हणान. गावात गणपतीत, शिमग्यात काय काय जाता ता माका म्हायत आसा. दारू प्यालेल्याच्या हातात भरलेली बंदूक मी बघितलंय. परवानो होयो. पण ज्याचो आसा तेका काडतुसां तरी गावांदेत.

कोल्हापुरी_नेम
भाई, एक नंबर!

आमची बाजू सांगतो. पोरगी ५० मीटर रायफलला आहे. स्वप्निल कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये पदक आणल्यापासून आमच्याकडे रेंजवर उभं राहायला जागा नाही. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला जगज्जेती झाली तेव्हाही लाट आली होती, पण ही मोठी. तर १० मीटर एअर रायफलला अडचण नाही, छर्रे सहज मिळतात, परवाना लागत नाही. म्हणून सगळी गर्दी तिथेच. खरी गंमत पॉइंट टू टू ला (०.२२ इंची काडतुसांच्या रायफलला) येते. स्पर्धेचा दारूगोळा परदेशी. एकेका रायफलला एकेक लॉट (एकाच खेपेत बनलेली काडतुसं) मानवतो. बॅरल फळीवर घट्ट बांधून वेगवेगळे लॉट मारून बघतात आणि ज्याचा गट बारीक पडतो तोच लॉट वर्षभराचा घेऊन ठेवतात. आता तुमचा कोटा ठरलेला, आयात ठरावीक वाटेने, मग लॉट निवडायची चैन कुठली? जे येईल ते घ्या. थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, झोपून, उभ्याने) सामन्यात साठ गोळ्या, म्हणजे पन्नासच्या डब्यात एक सामनासुद्धा होत नाही, सरावाचं बोलतच नाही.

पोरगी बऱ्याचदा कोरडा सराव करते. गोळी न घालता चाप ओढायचा. श्वास, चाप, श्वास. प्रशिक्षक म्हणतात उत्तमच सवय आहे. हो, पण ती सवय गरिबीतून लागलेली आहे!

तरीही मला कॅलिफोर्नियाचा कायदा फार जाचक वाटला नाही. पाच डॉलर आणि एक मिनिट? द्या मला, सही कुठे करू?

पुणेकर_७८
खडकीला दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे आणि 'शक्तिमान' काडतुसं तिथलीच. आणि भाईंना माल मिळत नाही. काय बोलायचं.

फोल्समवाला
@कोल्हापुरी_नेम, @भाई_मालवणी, तुमच्यापुढे माझं गाऱ्हाणं बारीक आहे हे कबूल. पण 'तिकडे जास्त त्रास, म्हणून इकडे थोडा चालेल' हे मला मान्य नाही. उलट तुम्ही दोघांनी माझाच मुद्दा मांडलात. कोटा आणि रांग बसते ती नेमबाजावर आणि शेतकऱ्यावर. गावठी कट्टा घेऊन फिरणारा कुठलं पुस्तक घेऊन दुकानात जातो?

ओकलंडची_ताई
आणि भाईंनी माझा मांडला! 'परवानो होयो' हे वाक्य पुन्हा वाचा.

सॅन_होजेकर
पेट्रोल भरताना प्रत्येक वेळी आरटीओत फोन करून 'या माणसाचं लायसन्स अजून चालू आहे का' असं विचारलं तर चालेल का कुणाला? इथे हेच चाललंय.

ओकलंडची_ताई
दारू पिऊन दोनदा माणूस उडवलेल्याला पेट्रोल मिळू नये असं असेल तर मला चालेल.

प्रशासक
पेट्रोलचा उपधागा इथेच थांबवावा. मागच्या वेळी इलेक्ट्रिक गाड्यांपर्यंत गेला होता.

न्यूयॉर्कची_चिमणी
आमच्याकडेही आहे. १३ सप्टेंबर २०२३ पासून न्यूयॉर्कमध्ये काडतुसांना राज्य पोलिसांमार्फत तपासणी, अडीच डॉलर फी. कायदा २०१३ चाच, सँडी हूक शाळेतल्या गोळीबारानंतरचा. यंत्रणा उभी करायला दहा वर्षं लागली! इलिनॉयचा प्रकार मला सगळ्यात बरा वाटतो. तिथे १९६८ पासून एक ओळखपत्र काढावं लागतं, ते असेल तर बंदूक आणि काडतुसं दोन्ही घेता येतात. एकदा नीट तपासा, कार्ड द्या, गुन्हा झाला की कार्ड रद्द करा. प्रत्येक डब्याला कशाला तपासता?

फोल्समवाला
हेच! चिमणीताई, माझ्या मनातलं बोललात. कॅलिफोर्नियातही पात्रतेचं प्रमाणपत्र नावाचा प्रकार आहे, दरवर्षी नूतनीकरण. पण ते असलं तरी दर खरेदीला यंत्रावर तपासणी होतेच. विश्वास ठेवायचाच नाही असं ठरवलेलं आहे.

वकीलबाई
इलिनॉयच्या कार्डासाठी लोक महिनोन् महिने थांबलेले आहेत, त्यावरही खटले झालेत. दुरून डोंगर.

नवा_भिडू
नमस्कार. आधी वाचनमात्र होतो. एच-वन-बी वर सनीव्हेलला आहे. टीममधले लोक रविवारी रेंजवर नेतात. मी काडतुसं विकत घेऊ शकतो का? रेंजवर भाड्याची बंदूक चालवणं चालतं का? हसू नका.

वकीलबाई
@नवा_भिडू हसण्यासारखं काही नाही, हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. एच-वन-बी हा बिगर-स्थलांतरित व्हिसा. केंद्रीय कायद्याने अशा माणसाला बंदूक *आणि काडतुसं* दोन्ही बाळगायला मनाई आहे. 'बाळगणं' म्हणजे मालकीच नव्हे, हातात असणंही त्यात येतं. अपवाद आहेत, त्यातला लोकांच्या कामाचा एकच. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. म्हणून आपली बरीच पोरं कोर्स करून शिकारीचा परवाना काढतात आणि आयुष्यात एक बदकसुद्धा मारत नाहीत. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. टीमलीड 'अरे चल रे' म्हणाला म्हणून जाऊ नका. केंद्रीय गुन्हा आहे, आणि व्हिसावर असताना तो परवडणारा नाही. जायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला, फुकटातल्या वकीलबाईंशी नव्हे.

घारू
बदक न मारता शिकार परवान्याची फी भरणाऱ्या सर्व मराठी सॉफ्टवेअर इंजिनियरांचे वन्यजीवांतर्फे आभार.

फोल्समवाला
नव्या भिडूसाठी अजून एक. तुझ्या कॅलिफोर्निया लायसन्सच्या कोपऱ्यात 'केंद्रीय मर्यादा लागू' असं इंग्रजीत छापलंय का बघ. रिअल आयडी (केंद्राच्या निकषांचं लायसन्स) न काढलेल्या सगळ्यांच्या लायसन्सवर ते असतं, इथे जन्मलेल्या गोऱ्याच्याही. ते असेल तर नुसत्या लायसन्सवर काडतुसं मिळत नाहीत, पासपोर्ट किंवा जन्माचा दाखला बरोबर न्यावा लागतो. किती लोक काउंटरवर जाऊन परत फिरतात बघ. जन्मदाखला घेऊन कोण फिरतं शनिवारी?

रीनो_रिटर्न
मग आता निकाल लागलाय तर पुढच्या आठवड्यात टाहोला जाताना नेवाडातल्या रीनोहून चार डबे आणले तर? तिकडे निम्म्या किमतीत आहेत.

वकीलबाई
नाही. वर लिहिलंय. अंतिम आदेश निघालेला नाही, कायदा चालू आहे. राज्याबाहेरून आणण्याचं कलम तर अजिबात अंगावर घेऊ नका. तुमच्या आयडीतच पुरावा आहे.

मी_पामर
खिक्!

डोंबिवली_फास्ट
उशिरा आलो, सगळं वाचलं. रेंजवर जाणाऱ्या सगळ्या मंडळींना हात जोडून विनंती. ती रेंजची सॅक भारतात येताना आणू नका. माझ्या मेव्हण्याच्या सॅकच्या तळाशी, अस्तराच्या फाटक्या शिवणीत, एक पॉइंट टू टू अडकलेली होती. करंगळीच्या पेरापेक्षा लहान. अमेरिकेतून निघताना कुणाला दिसली नाही. परतीच्या वेळी विमानतळावर क्ष-किरण यंत्रात दिसली. त्याचं विमान गेलं, रात्र पोलीस ठाण्यात गेली, शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. सासूबाईंना बीपी.

वकीलबाई
@डोंबिवली_फास्ट हे फार होतं. आपल्याकडे एक जिवंत काडतूससुद्धा परवान्याशिवाय गुन्हाच. माणसाला ते जवळ असल्याची जाणीवच नव्हती असं दिसलं तर उच्च न्यायालयं असे गुन्हे रद्द करतात, तसे बरेच निकाल आहेत. पण तोवर पासपोर्ट, तारखा, वकिलाची फी. मेव्हण्याचं काय झालं?

डोंबिवली_फास्ट
रद्द झाला शेवटी. नोकरी वाचली. सॅक मात्र अजून मुद्देमालात आहे.

भाई_मालवणी
माज्या चुलत्याच्या बंदुकीच्या बाजूक ठेवलेली असतली.

फोल्समवाला
@डोंबिवली_फास्ट डिसेंबरात भारतात येतोय. सॅक आत्ताच गॅरेजमध्ये उलटी करून झटकली. दोन रिकामी टरफलं निघाली. वकीलबाई, रिकाम्या टरफलांचं काय?

वकीलबाई
तिकडेच टाका. विमानतळावर वाद घालायला जाऊ नका.